सुखरूप अवरोहण : पॅराग्लायडर वेगाने खाली आणण्याची तंत्रे आणि त्यांच्या मर्यादा

पावसाळा सरतो, भातखाचरे मोकळी होतात आणि पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात कामशेतजवळच्या टेकड्यांवर रंगीबेरंगी पंख दिसू लागतात. सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या कड्यांवरही हेच दृश्य आढळते. गेल्या काही दशकांत पॅराग्लायडिंग हा साहसी क्रीडाप्रकार आपल्या राज्यात रुजला आहे. ज्या शेतांत हे पंख उतरतात ती शेते कोणत्या तरी गावच्या शिवारात असतात. त्यामुळे या खेळाची तोंडओळख वैमानिकांना जितकी आवश्यक, तितकीच ती ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व प्रशासनातील अधिकारी यांनाही उपयुक्त ठरणारी आहे.

या खेळातील धोका म्हणजे उंचावरून पडणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो काही अंशी खरा असला, तरी जाणत्या वैमानिकाला दुसऱ्याच एका गोष्टीची अधिक धास्ती वाटते. ती म्हणजे खाली यावयाचे असताना खाली येता न येणे. पंख सुस्थितीत आहे, दोऱ्या शाबूत आहेत, आणि तरीही हवा माणसाला वर वर नेत आहे, अशी वेळ येऊ शकते. अशा प्रसंगासाठी शीघ्र अवरोहणाची, म्हणजे वेगाने खाली येण्याची, काही तंत्रे विकसित झाली आहेत. ती कोणती, त्यांमागील शास्त्र काय आणि ती कोठवर साथ देतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पंख हवेत कसा तरंगतो

पॅराग्लायडरच्या पंखात कोठेही लाकडी वा धातूची चौकट नसते. तो कापडाच्या अनेक कप्प्यांचा बनलेला असतो. पुढच्या कडेला असलेल्या तोंडांतून कप्प्यांत हवा शिरते आणि तिच्या दाबाने पंखाला आकार येतो. हवा भरून फुगणाऱ्या अशा पंखाची कल्पना डोमिना जाल्बर्ट या संशोधकाने १९६४ च्या सुमारास अमेरिकेत मांडली. पुढे जून १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी काही पॅराशूटपटूंनी विमानाऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले. आजच्या पॅराग्लायडिंगचा प्रारंभ बहुधा तेथून मानला जातो.

पंखाच्या दोऱ्या खाली जाड पट्ट्यांना जोडलेल्या असतात. या पट्ट्यांना रायझर म्हणतात. सर्वांत पुढच्या दोऱ्यांना ‘ए’, त्यामागील ओळीला ‘बी’ आणि त्यामागील ओळीला ‘सी’ अशी नावे आहेत. मागच्या कडेला जोडलेल्या दोऱ्या म्हणजे ब्रेक. वैमानिक हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या आसनात, बसून दोन्ही हातांनी ब्रेक सांभाळतो. शांत हवेत असा पंख ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगाने पुढे सरकतो आणि त्याच वेळी सेकंदाला सुमारे १ मीटर या गतीने खाली येत असतो. पॅराग्लायडर हा शांत हवेत नेहमी खालीच येत असतो, ही बाब ध्यानात ठेवावयास हवी. तो वर जातो तो केवळ भोवतालची हवा त्याहून अधिक वेगाने वर चढत असते म्हणून.

उन्हाने तापलेल्या माळरानावरून उष्ण हवेचे लोट उठतात. त्यांना ‘थर्मल’ असे म्हणतात. पंख न हलविता घिरट्या घालीत घार उंच चढते ती याच लोटांच्या आधारे, आणि वैमानिकही तेच करतो. हवा सेकंदाला ४ मीटर वेगाने वर जात असेल, तर १ मीटर वजा जाता वैमानिक सेकंदाला ३ मीटर वर चढतो. हाच लोट पुढे ढगाला जन्म देतो आणि नेमकी तेथूनच अडचणीला सुरुवात होते.

वेगाने उतरण्याची गरज केव्हा पडते

चैत्र-वैशाखात सकाळ निरभ्र असते, दुपारी डोंगरमाथ्यावर कापसासारखे ढग जमतात आणि तिसऱ्या प्रहरी वळीव कोसळतो, हा आपल्या शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. रुंदीपेक्षा उंची अधिक असलेला, फुलकोबीसारखा वाढत जाणारा आणि तळाशी काळवंडलेला ढग हा गडगडाटी ढगाचे पूर्वरूप होय. अशा ढगाखाली वर जाणारी हवा एखाद्या अरुंद लोटापुरती मर्यादित राहत नाही. ती विस्तीर्ण प्रदेशात सर्वत्र चढू लागते, आणि ढगाच्या तळाजवळ तिचा वेग वाढत जातो. वैमानिकाला आरंभी हे सुखद वाटते, कारण कोठेही वळले तरी उंची मिळत राहते. परंतु हेच सुख म्हणजे धोक्याचा पहिला इशारा होय.

ढगात शिरल्यावर दिशा कळत नाही, डोंगर व अन्य पंख दिसत नाहीत. पंख भिजतो, गारठा वाढतो आणि ढग मोठा असल्यास गारा व वीज यांना तोंड द्यावे लागते. याखेरीज डोंगरमाथ्यावर वारा अचानक वाढणे, अंधार पडू लागणे किंवा वैमानिकाची प्रकृती बिघडणे या कारणांसाठीही त्वरेने उतरण्याची गरज भासते.

पहिले तंत्र : कान मुडपणे

या तंत्रास जगभर ‘बिग इअर्स’ असे म्हणतात. वैमानिक दोन्ही बाजूंच्या सर्वांत बाहेरच्या ए-दोऱ्या खाली ओढतो. त्यामुळे पंखाची दोन्ही टोके कानांसारखी खाली मुडपतात, पंखाचे क्षेत्रफळ कमी होते, हवेचा विरोध वाढतो आणि खाली येण्याची गती सेकंदाला साधारणपणे अडीच ते साडेतीन मीटर होते. पंख सरळ पुढे जात राहतो आणि आसनात शरीराचा भार डावीउजवीकडे टाकून त्यास वळविता येते.

कान मुडपल्याने पुढे जाण्याचा वेग थोडा घटतो आणि पंखाचा समोरील हवेशी होणारा कोन वाढतो. म्हणून त्याच्या जोडीला पायाने दाबावयाचा ‘स्पीड बार’ वापरतात. त्यामुळे पुढचा वेग टिकतो आणि उतरण्याची गतीही आणखी वाढते. यात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कान मुडपावयाचे व मग बार दाबावयाचा. पूर्वस्थितीला येताना प्रथम बार सोडावयाचा व मग कान उघडावयाचे. हे तंत्र तुलनेने सौम्य असल्याने नवशिक्यांना सर्वप्रथम हेच शिकविले जाते. माणूस खाली येत असतानाच पुढेही सरकतो आणि चढत्या हवेच्या क्षेत्रातून बाहेर पडू शकतो, हा याचा मोठा गुण होय.

दुसरे तंत्र : बी-स्टॉल

येथे वैमानिक दोन्ही बी-रायझर एकाच वेळी व सारख्या प्रमाणात सुमारे वीतभर खाली ओढतो. पंखाला मध्येच आडवी घडी पडते, त्यावरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि पुढची गती जवळजवळ थांबते. पंख छत्रीसारखा डोक्यावर राहून सेकंदाला ६ ते ८ मीटर वेगाने सरळ खाली येऊ लागतो. बाहेर पडताना दोन्ही रायझर एकदम व सारखे सोडावे लागतात. ते रेंगाळत सोडल्यास पंख पुन्हा उडू न लागता तसाच खाली येत राहण्याचा धोका असतो.

या तंत्रात हातांना बरेच बळ लागते व ते फार वेळ करता येत नाही. शिवाय पुढची गती नसल्यामुळे वैमानिक वारा नेईल तिकडे वाहत जातो. दोऱ्यांच्या दोनच ओळी असलेल्या अलीकडच्या स्पर्धात्मक पंखांवर हे तंत्र लागू पडत नाही. प्रत्येक पंखासोबत निर्मात्याची माहितीपुस्तिका येते. तीत जे तंत्र निषिद्ध म्हटले असेल ते वर्ज्यच मानले पाहिजे.

तिसरे तंत्र : स्पायरल डाइव्ह

शरीराचा भार एका बाजूस टाकून त्याच बाजूचा ब्रेक हळूहळू ओढत गेल्यास वळण उत्तरोत्तर तीव्र होते. पंखाचे नाक जमिनीकडे झुकते आणि वैमानिक पंखाभोवती गोल फिरत वेगाने खाली येतो. उतरण्याची गती सेकंदाला १० ते १५ मीटर आणि काही वेळा त्याहूनही अधिक होते. सर्व तंत्रांत हे सर्वाधिक परिणामकारक आहे आणि सर्वाधिक कठोरही.

ज्वारीच्या राखणीला गोफण फिरविणाऱ्यास हे तत्त्व सहज उमगेल. गोफण जितकी वेगाने फिरेल तितका दोरीला ताण अधिक. स्पायरलमध्ये माणूस त्या गोफणीतील दगडाच्या जागी असतो. शरीराचे वजन तिप्पट वा त्याहून अधिक भासू लागते. ७० किलो वजनाच्या माणसाला आपण २१० किलोंचे झालो आहोत असे वाटते. मान उचलणे जड जाते, रक्त पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढे प्रथम रंग फिके पडतात, मग अंधारी येते आणि त्यानंतर शुद्ध हरपू शकते. पोटाचे व पायांचे स्नायू आवळून धरण्यास शिकवितात ते याचसाठी. थकलेल्या, उपाशी किंवा पुरेसे पाणी न प्यालेल्या माणसाला ही अवस्था लवकर गाठते.

दुसरा धोका असा की, काही पंख तीव्र स्पायरलमध्ये गेल्यावर ब्रेक सोडूनही आपणहून बाहेर येत नाहीत. तेव्हा भार विरुद्ध बाजूस टाकून बाहेरचा ब्रेक निर्धाराने ओढावा लागतो. बाहेर पडणेही एक-दोन फेऱ्यांत, सावकाश व्हावयास हवे. एकदम सोडल्यास साठलेला वेग पंखाला वर उसळवितो आणि मागाहून तो कोसळू शकतो. म्हणून जमिनीपासून पुरेशी उंची शिल्लक असतानाच स्पायरल संपविण्याचा दंडक आहे. कान मुडपून त्याच स्थितीत तीव्र स्पायरल घेऊ नये, असेही सांगितले जाते. कारण तसे केल्यास सारा ताण मोजक्याच दोऱ्यांवर येतो.

साधा हिशोब

शिक्षक बंधुभगिनींना वर्गात मांडता येईल असा एक हिशोब येथे देतो. शांत हवेत १,००० मीटर उंचीवरून नेहमीच्या गतीने उतरण्यास सुमारे १७ मिनिटे लागतात. सेकंदाला ३ मीटर गतीने, म्हणजे कान मुडपून, साडेपाच मिनिटे लागतात. बी-स्टॉलमध्ये ७ मीटर गती धरल्यास अडीच मिनिटांहून थोडा कमी वेळ लागतो, आणि स्पायरलमध्ये १५ मीटर गती धरल्यास अवघ्या ६७ सेकंदांत तेच अंतर सरते.

आता हवा शांत नाही असे समजू. मोठ्या ढगाखाली ती सेकंदाला ६ मीटर वेगाने चढत आहे. वैमानिकाने कान मुडपून व स्पीड बार दाबून ४ मीटर गती साधली, तरी तो सेकंदाला २ मीटर वरच जात राहील. चढत्या हवेची सीमा २ किलोमीटर दूर आहे आणि पंख सेकंदाला १० मीटर पुढे सरकत आहे असे धरल्यास, वाऱ्याचा परिणाम जमेस न धरता, तेथे पोहोचण्यास २०० सेकंद लागतील. तेवढ्या अवधीत तो ४०० मीटर वर गेलेला असेल. ढगाचा तळ ३०० मीटरवर असेल, तर योग्य तंत्र वापरूनही तो ढगात शिरेल. तळ ८०० मीटरवर असताना त्याने हाच निर्णय घेतला असता, तर तो सुखरूप बाहेर पडला असता.

याउलट स्पायरल घेणारा खाली येतो खरा, पण चढत्या हवेच्या बाहेर पडत नाही. हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने चढू लागली, तर तो भोवंडत राहूनही तेथेच राहील. राखीव पॅराशूटदेखील येथे तारक ठरत नाही. ते सेकंदाला सुमारे ५ ते साडेपाच मीटर गतीने उतरविते. जमिनीजवळ हा वेग साधारणतः दीड मीटर उंचीच्या बांधावरून मारलेल्या उडीइतका, म्हणून सोसण्याजोगा असतो. परंतु ढगातील हवा याहून वेगाने चढत असेल, तर उघडलेल्या पॅराशूटसह माणूस वरच जाईल.

मनिलाची घटना

हा केवळ कागदावरचा हिशोब नव्हे. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात मनिला येथे जागतिक स्पर्धेपूर्वीचा सराव चालू होता. जर्मन वैमानिक एवा विश्निएर्स्का यांना एका गडगडाटी ढगाने ओढून घेतले. त्या नवख्या नव्हत्या, अग्रगण्य स्पर्धक होत्या. तरीही सेकंदाला २० मीटरच्या आसपास चढणाऱ्या हवेपुढे त्यांचा इलाज चालला नाही. उपकरणाने नोंदलेली कमाल उंची ९,९४६ मीटर होती. ८,८४९ मीटर उंचीच्या एव्हरेस्ट शिखराहूनही ती सुमारे १,१०० मीटरने अधिक होय. प्राणवायूच्या अभावी त्यांची शुद्ध हरपली आणि त्या अवस्थेत पंख आपोआप उडत राहिला. कडाक्याच्या थंडीत अर्ध्या तासाहून अधिक काळ बेशुद्ध राहिल्यावर त्या खालच्या हवेत शुद्धीवर आल्या आणि उड्डाणस्थळापासून सुमारे ६० किलोमीटर दूर उतरल्या. त्याच ढगात सापडलेले एक चिनी वैमानिक मात्र वाचले नाहीत.

या घटनेतून निघणारा बोध स्पष्ट आहे. उतरण्याची सारी तंत्रे ठाऊक असणे आवश्यक आहे, परंतु वेळेवर घेतलेल्या निर्णयाची जागा त्यांपैकी एकही तंत्र घेऊ शकत नाही. ढग वाढत असल्याचे दिसताच दूर जाणे, आणि शंका असल्यास उड्डाणच न करणे, हेच अवरोहणाचे सर्वांत खात्रीचे तंत्र होय.

सराव कोठे व कसा

वर वर्णिलेली तंत्रे लेख वाचून करून पाहण्याची नाहीत. ती मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने शिकावयाची असतात. त्यासाठी ‘एसआयव्ही’ नावाने ओळखले जाणारे प्रशिक्षण घेतले जाते. फ्रान्समधील आनसी सरोवर व तुर्कस्तानातील ओलुडेनिझचा समुद्रकिनारा ही त्यासाठी प्रसिद्ध स्थळे आहेत. सराव पाण्यावर होतो, वैमानिकाने जीवरक्षक जाकीट घातलेले असते, खाली बचावनौका सज्ज असते आणि प्रशिक्षक बिनतारी यंत्रावरून प्रत्येक हालचालीची सूचना देतो. शांत हवेत हातांना वळण पडलेले असेल, तरच ते आणीबाणीत उपयोगी पडते.

पर्यटक प्रवासी म्हणून वैमानिकासोबत जोडीने उड्डाण करतात, तेव्हा जबाबदारी दुप्पट होते. थरारासाठी प्रवाशाला तीव्र स्पायरलमध्ये नेणे उचित नव्हे. सवय नसलेल्या माणसाला त्यात अंधारी येऊ शकते आणि ते पाठीमागे बसलेल्या वैमानिकाच्या लक्षात येईलच असे नाही.

गावाचा वाटा

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर केले. त्यानुसार जमीन, पाणी व हवा यांतील साहसी उपक्रम चालविणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आपल्या हद्दीत उड्डाणे होत असल्यास नोंदणी आहे काय, याची विचारणा ग्रामपंचायतीने अवश्य करावी. हिमाचल प्रदेशात १५ जुलै ते १५ सप्टेंबर या पावसाळी काळात पॅराग्लायडिंग बंद ठेवण्यात येते. ऋतूचा मान राखण्याचे हे उदाहरण उद्बोधक आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे वादळी पावसाचे इशारे आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप शेतकऱ्यांप्रमाणेच वैमानिकांनाही उपयोगी आहे. गावातील जाणत्या माणसाने ‘आज वळीव येणार’ असे सांगितल्यास त्याचीही दखल घेणे शहाणपणाचे ठरेल.

घाईने उतरणारा वैमानिक ठरलेल्या जागीच उतरेल असे नाही. तेव्हा मुलांनी शेतात धावत जाऊ नये, उतरण्याची जागा मोकळी ठेवावी. वाऱ्याने पंख माणसाला फरफटवीत असेल, तर दोऱ्या हातात धरू नयेत, त्यांनी हात कापतात. पंखाच्या एका टोकाचे कापड धरून खाली दाबावे. पंख विजेच्या तारांवर अडकल्यास वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये आणि महावितरणला तत्काळ कळवावे. माणूस जोराने आदळला असल्यास त्यास उठवून बसवू नये. पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते. त्यास आहे तसे निजवून, धीर देऊन, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

साहसाची आवड ही तरुण पिढीच्या चैतन्याची खूण आहे आणि तिला योग्य वाट करून देणे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु आभाळ भरून येत असताना उड्डाण रद्द करून टेकडी पायी उतरणारा तरुण भित्रा नसतो, तो या विद्येतील पहिला व महत्त्वाचा धडा शिकलेला असतो. हा धडा शाळेत, ग्रामसभेत आणि उड्डाणस्थळी वारंवार सांगितला गेला, तर आपल्या डोंगरांवरून झेपावणारे पंख सायंकाळी सुखरूप जमिनीला टेकतील.